मोरारचे दफ्तर

ग्वाल्हेर म्हटले की आमच्या गोव्यातल्या माणसाला आधी गाणे आठवते. थोडाफार इतिहास वाचलेला असला तर त्यानंतर जिवबादादा केरकर आठवतात. पेडण्यातल्या केरी गावचा हा सारस्वत माणूस महादजी शिंद्यांच्या पदरी बक्षी झाला आणि १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज घेऊन उतरला. गोवा आणि ग्वाल्हेर यांना जोडणारा तिसराही एक धागा आहे, पण तो आपण चारचौघांत काढत नाही. तो धागा अफूचा.

तो माझ्या हाती लागला एका मित्रामुळे. पुण्यात आम्ही एकाच वसतिगृहात होतो. तो ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, चार-पाच पिढ्यांपासून तिकडेच राहिलेल्या मराठी घरातला. त्याच्या मराठीत हिंदी आणि माझ्या मराठीत कोकणी, त्यामुळे पुणेकर पोरे आम्हा दोघांना सारखेच हसायची. पुढे तो अमेरिकेत गेला, संगणकाच्या धंद्यात पडला, आणि चाळिशीनंतर कामात लक्ष लागत नाही म्हणून तिथल्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने ॲम्फेटामिनच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठीवर दिवसाला एक होती. सहा वर्षांनी दिवसाला किती होत्या, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. नोकरी गेली, संसार मोडता मोडता राहिला, आणि गोळ्या सोडून तो आईपाशी ग्वाल्हेरला येऊन राहिला.

डिसेंबरात तानसेन समारोहाला गेलो होतो तेव्हा त्याच्याकडेच उतरलो. गोळी सोडून त्याला आठ महिने झाले होते. अंगावर मांस चढले होते, बोलणे सरळ होते. पण माणूस आतून घाबरलेला होता.

"यार, मला आठवत नाहीय," तो म्हणाला. "काल काय जेवलो ते नाही म्हणत. मागची चार-पाच वर्षं. मुलीच्या दहाव्या वाढदिवसाचे फोटो आहेत, मी तिच्या मागे उभा राहून हसतोय. पण मी तिथे नाहीय. तू इतिहास लिहितोस ना? मग सांग, हे परत येतं का?"

इतिहास लिहिणाऱ्याला विचारायचा हा प्रश्न नव्हे, हे दोघांनाही कळत होते. पण त्याच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत, मोरारच्या मॉल रोडवर, एक कचेरी आहे आणि त्या कचेरीचा या गोळ्यांशी फार जुना संबंध आहे. मी तिथून सुरुवात केली.

ही कचेरी म्हणजे केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो. भारताचे नार्कोटिक्स कमिशनर दिल्लीत बसत नाहीत, ग्वाल्हेरला बसतात. देशातले अफूखाते १९५० च्या नोव्हेंबरात एका छत्राखाली आणले गेले, तेव्हा मुख्यालय सिमल्याला होते. १९६० मध्ये ते ग्वाल्हेरला हलवले. सिमल्याहून अफूच्या शेतांवर देखरेख करणे म्हणजे पणजीत बसून नांदेडची ज्वारी राखण्यासारखेच होते. ग्वाल्हेरहून ती शेते तुलनेने जवळ. मंदसौर, नीमच, जावद हा सगळा मुलूख जुन्या ग्वाल्हेर संस्थानचाच.

आणि इथे आपण गोवेकर आत शिरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याची अफू चीनला जायची. ईस्ट इंडिया कंपनीला बंगालच्या अफूचा मक्ता सांभाळायचा होता, म्हणून तिने मुंबई बंदर माळव्याच्या मालाला बंद करून पाहिले. माल काही थांबला नाही. तो राजस्थान-सिंधच्या वाळवंटातून कराचीला जायचा आणि तिथून जहाजाने पोर्तुगिजांच्या दमणला. दमणहून मकाव. या व्यापारात आपला गोवेकर रोजेरियो द फारिया होता. मुंबईत पेढी घालून बसलेला हा माणूस जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांचा अफूतला भागीदार. १८३८ साली त्याचे दिवाळे वाजले. जमशेटजी बॅरोनेट झाले, त्यांच्या नावाने मुंबईत इस्पितळ उभे राहिले. फारियाचे नाव मात्र गोव्यातदेखील किती जणांना ठाऊक आहे?

कंपनीने उदेपूर, कोटा, होळकर यांच्याशी अफू आपल्यालाच विकण्याचे करार करून घेतले. दौलतराव शिंद्यांचा दरबार बधला नाही. त्याला कारण नीतीचे नव्हते, शेतसाऱ्याचे आणि सावकारांच्या हितसंबंधांचे होते, हे सांगायला नको. शेवटी कंपनीनेच नमते घेतले आणि १८३१ च्या सुमारास परवान्याची पद्धत आणली. दर पेटीमागे १७५ रुपये भरा आणि माल मुंबईमार्गे राजरोस न्या. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली, दमणचे महत्त्व गेले, आणि परवान्याचा दर चढत चढत १८६१ पर्यंत पेटीला ७०० रुपयांवर पोचला. १९१३ मध्ये चीनची निर्यात थांबली.

त्या १७५ रुपयांच्या परवान्यात मला आजच्या मोरारच्या कचेरीचे मूळ दिसते. ही कचेरी आजही शेतकऱ्याला खसखशीच्या पिकाचा परवाना देते. बोंडाला चिरा पाडून निघालेला चीक गावचा लंबरदार रोजच्या रोज तोलतो आणि वहीत चढवतो. उन्हाळ्याच्या तोंडाला सरकारी काट्यावर माल येतो आणि हेक्टरी ठरलेला उतारा आला नाही तर पुढच्या वर्षी परवाना जातो. एका बाजूने हिशेब वहीतल्या ग्रॅमचा आणि दुसऱ्या बाजूने शेतकऱ्याच्या पोटाचा. पण या कचेरीचे काम अफूवर संपत नाही. १९७१ साली व्हिएन्नामध्ये मनावर परिणाम करणाऱ्या औषधांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९७५ मध्ये सामील झाला आणि १९८५ मध्ये आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. तेव्हापासून ॲम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन, मेथिलफेनिडेट यांसारख्या उत्तेजक द्रव्यांची आयात-निर्यात करायची तर परवानगी मोरारहूनच घ्यावी लागते. एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन बनवता येते, म्हणून त्या साध्या खोकल्याच्या औषधाच्या निर्यातीलाही इथलाच दाखला लागतो.

म्हणजे माझा मित्र ज्या द्रव्याने पोळला त्याची देशात येण्या-जाण्याची नोंद त्याच्या घरापासून काही मैलांवर होते. हे त्याला सांगितले तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला. "चला, कुणाकडे तरी हिशेब आहे!"

आता या गोळीचा इतिहास. ॲम्फेटामिन पहिल्यांदा बनवले ते बर्लिनमध्ये १८८७ साली, लझार एदेलेआनू नावाच्या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने. त्याचा उपयोग काय हे त्याला कळले नाही आणि तो पुढे खनिज तेलाच्या शुद्धीकरणाकडे वळला. जवळपास चाळीस वर्षे कुणाला ते सुचले नाही. दम्यावर एफेड्रिनला पर्याय शोधताना १९२० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात गॉर्डन ॲलेसने ते पुन्हा बनवले आणि स्वतःला टोचून घेतले. दम्याला ते फारसे लागू पडले नाही. मन मात्र प्रसन्न झाले आणि झोप उडाली. १९३० च्या दशकात बेन्झेड्रिन या नावाने ते आधी नाकात ओढायच्या नळीतून आणि मग गोळीतून अमेरिकेच्या घराघरांत पोचले. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने ऱ्होड आयलंडमधल्या एका मुलांच्या रुग्णालयात ते चंचल मुलांना देऊन पाहिले, आणि ती मुले शांत बसून अभ्यास करू लागली. आज एडीएचडीवर जे औषध दिले जाते त्याचा उगम हा.

मग युद्ध आले. जर्मनीत १९३८ पासून पर्विटिन या नावाने मेथॅम्फेटामिन मिळत होते. १९४० च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत जर्मन सेनेला साडेतीन कोटी गोळ्या पुरवल्या गेल्या. पुढे नोबेल मिळालेला हाइनरिख ब्योल तेव्हा सैनिक होता आणि घरच्यांना पत्रे लिहून पर्विटिन मागवत असे. इंग्रज आणि अमेरिकन सैनिकांच्या खिशात बेन्झेड्रिन होते. जपानमध्ये हिरोपोन होते. हे नाव ग्रीक शब्दावरून पाडलेले, त्याचा अर्थ 'कामाची आवड असलेला'. नावातच सगळे आले! युद्ध संपल्यावर लष्करी साठे बाजारात फुटले, भुकेल्या आणि जळालेल्या शहरांत माणसे हिरोपोनवर जगू लागली, आणि १९५१ मध्ये जपानला त्याच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक माणसे पकडली गेली.

अमेरिकेत हे सगळे डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालू होते. वजन कमी करायला, उदासी घालवायला, रात्रपाळी करायला. १९६२ साली तिथे अंदाजे ८०,००० किलो ॲम्फेटामिन-क्षार बनले. लोकसंख्येने भागले तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट माणशी वर्षाला दहा मिलिग्रॅमच्या ४३ गोळ्या. त्याच्या चार वर्षे आधी, १९५८ मध्ये, लंडनच्या फिलिप कॉनेल यांनी ॲम्फेटामिनमुळे येणाऱ्या वेडावर पुस्तक लिहिले होते. १९६८ मध्ये स्वीडनने मेथिलफेनिडेट बाजारातून काढून घेतले. अमेरिकेने १९७१ मध्ये लगाम आवळला. १९९० च्या दशकात ॲडरॉल हे नाव घेऊन जुनेच क्षार पुन्हा आले, आणि या वेळी लहान मुलांपाठोपाठ नोकरदार मोठी माणसेही रांगेत उभी राहिली. माझा मित्र त्या रांगेतला. भारतात ॲम्फेटामिनची गोळी आज औषधाच्या दुकानात मिळत नाही. मेथिलफेनिडेट तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर मिळते.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट मला खटकते. वेड लागणे, भास होणे, हृदयाचे ठोके वाढणे, यांच्यावर डॉक्टरांनी भरपूर लिहिले. गोळी सोडल्यानंतरच्या विसराळूपणावर मात्र कितीतरी वर्षे फारसे कुणी लिहिले नाही. कारण उघड आहे. गोळी पोटात असताना परीक्षा घेतली तर माणूस हुशार दिसतो. तो जागा असतो, सावध असतो, भराभर उत्तरे देतो. सोडल्यावर तो जेव्हा म्हणतो की मला आठवत नाही, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की व्यसनी माणूसच, निमित्त सांगतोय.

हुशार दिसणे आणि हुशार असणे यातलाही फरक मोजला गेला आहे. २०१३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्था फाराह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना ॲम्फेटामिन-क्षार आणि नुसती बनावट गोळी देऊन पाहिली. स्मरण, कल्पकता, बुद्धी यांच्या बहुतेक चाचण्यांत खास फरक पडला नाही. पण खरी गोळी घेतलेल्यांना आपण फार चांगली कामगिरी केली असे वाटले. मित्राला हे वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सहा वर्षं मला वाटत होतं की ऑफिसात माझ्यासारखा मीच."

गणिती पॉल एर्डशची गोष्ट इथे लोक हमखास काढतात. तो उतारवयात रोज ॲम्फेटामिन घ्यायचा. १९७९ मध्ये त्याच्या मित्राने, रॉन ग्रॅहमने, महिनाभर सोडून दाखव म्हणून ५०० डॉलरची पैज लावली. एर्डशने पैज जिंकली, वर गणिताचे एक महिन्याचे नुकसान केल्याबद्दल ग्रॅहमलाच बोल लावले, आणि पुन्हा गोळी सुरू केली. गोष्ट मजेदार आहे. पण एर्डशला घर नव्हते, संसार नव्हता, मुलीचा वाढदिवस नव्हता. गणित सोडून आठवण्यासारखे त्याच्यापाशी दुसरे फार काही नव्हतेच. त्याच्यावरून बाकीच्यांचा हिशेब मांडू नये.

तर मूळ प्रश्न, परत येते का? मी जे वाचले आणि मित्राला बघणाऱ्या ग्वाल्हेरच्या एका वयस्क मनोविकारतज्ज्ञांशी जे बोललो, त्यावरून या प्रश्नाचे दोन प्रश्न करावे लागतात. आठवणी ठेवण्याची ताकद परत येते का, हा एक. गेलेल्या आठवणी परत येतात का, हा दुसरा. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि म्हणून उगाच घाबरतात, नाहीतर उगाच आशा लावून बसतात.

पहिल्याचे उत्तर बरेच आशादायक आहे. २००१ साली नोरा व्होल्कोव यांनी मेथॅम्फेटामिनच्या व्यसनातून सुटलेल्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. डोपामिन उचलून घेणारे मेंदूतले जे वाहक व्यसनात घटले होते ते वर्ष-सव्वा वर्ष पूर्ण संयम पाळल्यावर बरेचसे भरून आले होते. माणसे थोडी होती, हे खरे. चाचण्यांतली स्मरणशक्ती आणि हालचाल मात्र त्या प्रमाणात सुधारली नव्हती, हेही खरे. आणि मेथॅम्फेटामिन म्हणजे डॉक्टरने लिहिलेली गोळी नव्हे. ते मेंदूला कितीतरी जास्त इजा करते. म्हणून हे निष्कर्ष मित्राला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दिशा कळते, आणि काळाचे माप कळते. हे काम आठवड्यांत होत नाही, महिने मोजावे लागतात. सोडल्यावरचे पहिले काही आठवडे माणूस नुसता झोपतो, उदास असतो, स्वयंपाकघरात जाऊन कशाला आलो ते विसरतो. त्यावर आजही ठरावीक औषध नाही. झोप, वेळच्या वेळी जेवण, चालणे, आणि सोबतीला कुणीतरी. अफूच्या मुलखातले ते डॉक्टर. डोडाचुऱ्याचे पाणी पिणारे रोगी त्यांनी आयुष्यभर पाहिले, अमेरिकन गोळीवाला हा पहिलाच. त्यांनी मित्राला काय सांगितले असेल? "रोज रात्री दहाला झोपायचं. बाकी सगळं नंतर."

त्या सांगण्यात शास्त्र आहे. दिवसभरात अनुभवलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. झोपलेला माणूस जाग्या राहिलेल्यापेक्षा कमी विसरतो हे जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते. सहा वर्षे जो माणूस दोन-तीन तास झोपत होता त्याच्या दिवसांची शाई वाळलीच नाही. त्यातून गोळीने त्याचे लक्ष पडद्यावरच्या आकड्यांना चिकटवून ठेवलेले. शेजारी बायको काय म्हणाली, मुलगी काय दाखवत होती, तिकडे ते वळलेच नाही. ज्याच्याकडे लक्ष गेले नाही ते मनात उतरत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून कठीण आहे. त्या चार-पाच वर्षांतले पुष्कळ काही हरवलेले नाही, ते मुळात जमाच झाले नव्हते. जे वहीत चढलेच नाही ते कुठल्या पानावर शोधणार? मी हे त्याला सरळ सांगितले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना ते आवडले नाही. पण त्याला, मला वाटते, थोडे हायसे वाटले. आपला मेंदू सडत चाललाय असे तो धरून चालला होता.

मधली एक वाट मात्र आहे. काही गोष्टी नशेत शिकल्या तर नशेतच नीट आठवतात असे एक निरीक्षण जुने आहे. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही १८६८ ची कादंबरी याच कल्पनेवर उभी आहे. नकळत अफूचा अर्क पाजलेला माणूस हिरा उचलून ठेवतो, शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवत नाही, आणि पुन्हा अफू देऊन काय घडले ते शोधतात. हिराही आपल्याकडूनच लुटून नेलेला. शंभरेक वर्षांनी, १९७६ मध्ये, स्वान्सन आणि किन्सबोर्न यांनी मेथिलफेनिडेट घेणाऱ्या चंचल मुलांत असेच काहीसे दाखवले. गोळी घेऊन पाठ केलेले, गोळी घेतलेली असताना जास्त चांगले आठवले. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत ते तसे आढळले नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. आणि आठवणीच्या शोधात पुन्हा गोळी घेण्याचा मोह तर अजिबातच नको. मित्राच्या मनात तो विचार येऊन गेला होता. त्यानेच कबूल केले.

(डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरलेल्या प्रमाणात, एडीएचडीवर ही औषधे घेणाऱ्यांनी हे वाचून गोळ्या फेकून देऊ नयेत. हा लेख त्यांच्याविषयी नाही.)

ग्वाल्हेर हे शहर स्मरणशक्तीच्या गोष्टींनीच भरलेले आहे, हे सांगायचे राहिले. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांची आख्यायिका गोव्यातल्या गाणाऱ्या घरांत कुणाला ठाऊक नाही? बडे महंमद खाँ आपली तान कुणाला शिकवत नसत, म्हणून महाराजांनी या दोन पोरांना पडद्याआड बसवून कित्येक महिने ते गाणे ऐकवले, आणि एके दिवशी पोरांनी ते तसेच्या तसे गाऊन दाखवले. खरे-खोटे खाँसाहेब जाणोत. पण घराण्याची सगळी विद्या अशीच कानातून मनात आणि मनातून गळ्यात उतरत आली. भातखंडे यांच्या प्रेरणेने माधवराव शिंद्यांनी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला संगीत विद्यालय काढले आणि स्वरलिपी शिकवायला लागले, तेव्हा बंदिशी गळ्याबरोबर कागदावरही आल्या. त्याच्या चार वर्षे आधी कृष्णराव शंकर पंडितांनी आपल्या वडिलांच्या नावाने शाळा काढली होती. मित्राचे आजोबा त्या परंपरेतले हौशी गाणारे आणि घरी लहानपणी सगळ्यांना सकाळी तंबोऱ्यापुढे बसवत.

समारोहातून परतल्यावर रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. मी सहज एक ख्याल गुणगुणायला लागलो आणि चुकलो. त्याने लगेच मुखडा उचलला, अंतरा म्हटला, आजोबांनी बसवलेल्या चार ताना जिथल्या तिथे घेतल्या. तीस वर्षांत त्या त्याने घेतल्या नव्हत्या. संपल्यावर स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. शास्त्रात याचा खुलासा आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन नावाच्या माणसाचा मेंदूचा थोडा भाग अपस्मारासाठी काढला आणि त्याला नव्या आठवणी ठेवता येईनात. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून रेघ काढायला शिकवले, तेव्हा रोज त्याचा हात सुधारत गेला, जरी आपण हे कधी केले आहे हेच त्याला आठवत नव्हते. हाताची, गळ्याची आठवण वेगळ्या वाटेने राहते. मित्राचे प्रकरण अर्थातच तेवढे गंभीर नाही. आणि त्याच्या ताना गोळीच्या कितीतरी आधी, भरपूर झोप घेणाऱ्या एका मुलाने शिकलेल्या. जे झोपेत पक्के झाले होते ते जागच्या जागी होते.

तानसेनच्या कबरीपाशी चिंचेचे झाड आहे. त्याची पाने खाल्ली की गळा गोड होतो अशी समजूत असल्याने लोक पाने ओरबाडून नेतात. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. मी दोन पाने तोंडात टाकली, आंबट लागली. त्याला विचारले, घेतोस का? "नको यार," तो म्हणाला, "मी आता काहीच खाऊन हुशार होणार नाही."

अलीकडे त्याच्याशी फोनवर बोललो तेव्हा सोळावा महिना चालू होता. नवी माणसे, नवे फोन नंबर, बाजारातून आणायचे जिन्नस आता लक्षात राहतात म्हणाला. पुस्तक हातात घेतले तर तीसेक पाने सलग वाचतो, मागच्या प्रकरणात काय झाले ते सांगू शकतो. एका शाळेत मुलांना गणित शिकवायला जातो. बायको आणि मुलगी सुट्टीत येऊन गेल्या. त्याने एक वही केली आहे, मधोमध रेघ मारलेली. डाव्या बाजूला 'आठवते', उजव्या बाजूला 'सांगितले'. बायको, मुलगी, जुने सहकारी त्या वर्षांतले जे सांगतात ते तारीख घालून उजवीकडे लिहितो. ऐकता ऐकता एखादी गोष्ट खरोखर डोळ्यापुढे आली तरच ती डावीकडे नेतो. आपल्याच मनाने रंगवलेली तर नाही ना, हे ताडायला आठवडाभर थांबून मग नेतो. इतकी शिस्त मी कुठल्या बखरकारात पाहिलेली नाही.

आतापर्यंत तीन गोष्टी डावीकडे गेल्या आहेत. एक बर्फात बंद पडलेली गाडी, एक शेजाऱ्याचा कुत्रा, आणि मुलीला सायकल शिकवताना तिचे खरचटलेले कोपर. वाढदिवस अजून उजवीकडेच आहे.